पुढचा डावा टायर

इर्याने चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली आणि त्या चौतीस वर्षांत तिने कधी सूप चाखून पाहिलं नाही. दोनशे मुलांच्या पातेल्याला चार मुठी मीठ आणि वर एक सपाट चमचा. मोजून घातलं की चव येतेच, चाखायचं कशाला, असं तिचं म्हणणं. मीठ कमी आहे असं सांगायची हिंमत आमच्या कोर्पिवारा गावात एका नव्या मास्तरांनी एकदा केली. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, तो गावाने जोडला.

बोलतेही ती तशीच, मोजून. दर गुरुवारी माझ्या दुकानात येते, हवं ते टोपलीत टाकते, "थंडी आहे" म्हणते. मी "आहे" म्हणते. झालं. एका गुरुवारी ती "थंडी आहे, पण वारा नाही" असं म्हणाली, तेव्हा मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं की इर्या आज खुशीत दिसली.

तिचा नवरा तौनो तीन वर्षांपूर्वी गेला. गाडीचं सगळं तोच बघायचा. ऑक्टोबर आला की उन्हाळी चाकं काढून हिवाळी लावायची, एप्रिलमध्ये उलट. इर्या गाडी उत्तम चालवायची, पण खाली वाकून तिने कधी पाहिलं नव्हतं. तौनोच्या पाठोपाठ वर्षभरात त्याची गाडीही गेली. इर्याचं घर तळ्याकाठी, तिथून माझं दुकान आठ किलोमीटर, डॉक्टर बेचाळीस. बस फक्त मंगळवारी, तीही शाळा चालू असेल तर. बहात्तराव्या वर्षी तिला गाडी हवी होती आणि ती मिळाली बटाट्याच्या शेतापलीकडून, वेइयोकडून.

वेइयो आणि इर्या शाळेत एका वर्गात होते. त्याने लग्न केलं नाही. तीस वर्षं रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवली आणि या भागातलं एकेक वळण त्याला घरातल्या जिन्यासारखं पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांचं काहीतरी झालं. कडेकडेचं सगळं दिसतं, समोरचं दिसत नाही. समोर पाहायचं असेल तर तो मान वळवून भलतीकडे बघतो, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं याला आपल्याशी बोलायचं नाही. बोलायचं नसतंच, पण ते वेगळं. डॉक्टरांनी परवाना काढून घेतला आणि जुलैमध्ये त्याने आपली अठरा वर्षांची निळी, लांबोडकी गाडी इर्याला विकली.

आमच्याकडे गाडी घेतली की चाकांचे दोन्ही संच मिळतात. वेइयोने इर्याला शेडमध्ये नेऊन हिवाळी चाकं दाखवली. चारही एकावर एक रचलेली, प्रत्येकावर खडूने लिहिलेलं, कुठलं पुढचं, कुठलं मागचं. त्याने वरच्या टायरवर हात ठेवला आणि म्हणाला, "टायर चांगले आहेत. अजून दोन हिवाळे जातील."

यावर इर्याने काही विचारायचा प्रश्नच नव्हता. तळ्यावरचं बर्फ वजन पेलेल असं वेइयोने एकदा म्हटलं की लोक त्यावरून ट्रॅक्टर नेतात. आजवर एकही ट्रॅक्टर बुडालेला नाही.

वेइयोला आता दुकानात यायचं तर गाडी नव्हती. इर्याने त्याला कधी "चल" म्हटलं नाही आणि त्याने कधी "नेशील का" म्हणून विचारलं नाही. गुरुवारी दीड वाजता तो पिशवी घेऊन आपल्या फाटकाशी हवा बघत उभा असायचा. त्याच वेळी इर्याची गाडी तिथून जायची आणि योगायोगाने थांबायची. हा योगायोग जुलैपासून एकदाही चुकला नव्हता.

ऑगस्टमध्ये मेर्वी आली. मेर्वी म्हणजे इर्याची मुलगी. ओउलू शहरात असते, इमारती तपासायचं काम करते. भिंतीत ओल किती, गच्चीला तडे किती, सगळं यंत्र लावून मोजते आणि आकडा मिळाल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. हे कुठून आलं ते सांगायला नको. तिने आईसाठी आपल्या घराजवळ एक फ्लॅट बघितला होता. लिफ्ट होती, काचेची बाल्कनी होती, औषधांचं दुकान तळमजल्यावरच. एप्रिलमध्ये रिकामा होणार होता, हो की नाही ते नाताळच्या आधी कळवायचं होतं.

इर्याने तिथल्या सौनाबद्दल विचारलं. मेर्वीने सांगितलं, तळघरात आहे, सगळ्या बिल्डिंगला मिळून एक, प्रत्येकाला आठवड्यातून एक तास ठरवून देतात.

"कोण ठरवतं?" इर्याने विचारलं.

"कमिटी."

तळ्याकाठच्या स्वतःच्या सौनात हवं तेव्हा लाकडं घालून बसणाऱ्या बाईला अंगाला घाम कधी यावा हे कमिटी ठरवणार, हे इर्याने ऐकून घेतलं आणि भांडी घासायला उठली. शेवटी दोघींमध्ये ठरलं ते असं: हा एक हिवाळा इर्याने इथे काढायचा. पण गाडी एकदा जरी रस्त्याबाहेर गेली, एकदा जरी कुणाला ओढून काढावी लागली, तर एप्रिलमध्ये ओउलू. इर्याने शब्द दिला. आपली आई शब्द मोडणार नाही हे मेर्वीला माहीत होतं. पण आई सांगणारही नाही हेही तिला माहीत होतं. म्हणून जाता जाता ती वेइयोकडे गेली. त्याला म्हणाली, वेइयोकाका, काही झालं तर तुम्ही मला खरं सांगायचं. वेइयोने तिच्या डाव्या खांद्यापलीकडे बघत मान हलवली. म्हणजे त्यानेही शब्द दिला.

ऑक्टोबरच्या शेवटी इर्या ती चार चाकं घेऊन यार्कोकडे गेली. यार्कोचं टायरचं वर्कशॉप माझ्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर, पेट्रोल पंपाच्या मागे. यार्को आता पन्नाशीला आलाय, पण इर्याच्या लेखी तो अजून दुसरीतला, बीट ताटाखाली लपवणारा मुलगा आहे. त्यालाही ते माहीत असल्यामुळे तो तिच्यासमोर जरा सरळ उभा राहतो.

त्याने चाकं एकेक करून फिरवून पाहिली. हिवाळी टायरला बर्फात पकड यावी म्हणून बारीक लोखंडी खिळे बसवलेले असतात, त्यातले जेमतेम निम्मे शिल्लक होते. जिथे खिळे गेले होते तिथे नुसती भोकं होती, रबर वाळून भेगाळलं होतं.

"इर्यामावशी," तो म्हणाला, "हे टायर नाहीत, आठवणी आहेत."

इर्याने विचारलं, कायद्यात बसतात का. त्याने खाचांची खोली मोजली आणि कसेबसे बसतात म्हणाला. कायद्याला पुरतील, बर्फाला पुरणार नाहीत. शिवाय पुढच्या डाव्याची हवा जात होती. रिमला गंज चढला होता आणि टायर त्यावर नीट बसत नव्हता. गंज काढायचा तर टायर उतरवायला हवा, आणि इतका कडक टायर एकदा उतरवला की परत चढणार नाही. नवे चार घाला, दुसरा इलाज नाही, असं त्याने सांगितलं.

इर्या बराच वेळ त्या चाकांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं की नवे टायर जुने दिसतील असं काही करता येतं का.

यार्कोने मला नंतर सांगितलं की पंचवीस वर्षांच्या धंद्यात हे कुणीच विचारलं नव्हतं.

नुसतं जुनं दिसूनही भागणार नव्हतं, हे इर्यालाही माहीत होतं. वेइयोला दिसत कमी असलं तरी ऐकू चांगलं येतं. नव्या टायरचे खिळे डांबरावर असे वाजतात की तो दोन किलोमीटरवरून ओळखेल, ओळखलं की त्याला कळेल की इर्याने त्याचे टायर फेकून दिले, आणि मग टायर चांगले आहेत असं जो माणूस म्हणाला होता त्याचं काय? हे तोंडावर सांगायचं म्हणजे त्याला खोटा म्हणायचं. पासष्ट वर्षांच्या शेजाराला इर्या असं करणार नव्हती. तिने तेच टायर लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा डावा अर्धा बसला होता. इर्याने तौनोचा पायपंप शोधून काढला. त्याच्यावरचा काटा कधीकाळी दोनवर अडकला होता तो तिथेच होता, पण त्याने काही बिघडत नव्हतं. ती पंप मारत गेली आणि डावा टायर उजव्यासारखा दिसायला लागला तेव्हा थांबली. साठ झाले होते. मग साठ हे माप ठरलं. रोज सकाळी सात वाजता गोठलेलं इंजिन गरम करायला गाडीला वीज जोडायची म्हणून बाहेर जायचं, गाडीच्या पलीकडच्या बाजूला उकिडवं बसायचं म्हणजे शेतापलीकडून दिसणार नाही, आणि साठ मारायचे. टायरला हात लावून बघायची गरज तिला वाटली नाही. सूप कुठे चाखलं होतं?

वेइयोला काही कळत नाही असं तिला वाटत होतं. पण नोव्हेंबरच्या पहिल्याच गुरुवारी तो गाडीत बसला, शंभर मीटर गेले आणि त्याला ऐकू आलं. पुढचा डावा मऊ वाजत होता. तीस वर्षं रस्ता पायाखाली ऐकलेला माणूस तो. त्याने खिडकीबाहेर बघत "थंडी आहे" म्हटलं आणि गप्प बसला.

बोलून दाखवायचं तर आपले टायर वाईट निघाले हे आपल्याच तोंडाने म्हणावं लागणार. न बोलावं आणि गाडी कुठे अडकली तर मेर्वीला सांगावं लागणार. खोटं सांगायचा प्रश्न नव्हता. तेव्हा सांगण्यासारखं काही घडूच द्यायचं नाही, एवढी एकच वाट त्याला दिसली. इर्या रोज दुपारी बारा वाजता स्की लावून तळ्यावर एक तास फिरायला जाते. त्या वेळात वेइयो आपली घसरगाडी काढायचा, म्हणजे पुढे खुर्ची आणि मागून एका पायाने रेटत जायची ती. खुर्चीवर घोंगडीत गुंडाळलेला स्वतःचा पंप ठेवून शेताच्या कडेने यायचा आणि पुढच्या डाव्यात हवा भरायचा. पंपावरचा आकडा त्याला दिसत नसे, म्हणून त्यानेही माप ठरवलं होतं. पन्नास.

असे सकाळी साठ आणि दुपारी पन्नास. तो टायर सगळं पिऊन टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा बसलेला असायचा.

आता कुणीही म्हणेल, बर्फात माग दिसतात की. दिसत होतेच. घसरगाडीच्या दोन रेघा वेइयोच्या फाटकातून निघून इर्याच्या गाडीपाशी यायच्या आणि तिथूनच परत जायच्या, इर्याने त्या पहिल्याच दिवशी पाहिल्या. तिला वाटलं, बिचाऱ्याला आपल्या गाडीची आठवण येते, म्हणून येऊन तिच्यावर हात फिरवून जातो. अठरा वर्षं वापरलेली गाडी. अशा गोष्टीबद्दल माणसाला विचारून लाजवू नये. म्हणून तो वेळ त्याला निवांत मिळावा यासाठी ती स्कीवरून मुद्दाम जरा उशिराच परतायला लागली. तिकडे वेइयोला टायरजवळ तिच्या बुटांचे ठसे जाणवले होते. त्याने अर्थ लावला की इर्या रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारून सगळं ठीक आहे ना ते बघते. बाई शिस्तीचीच.

दीड महिना हे नीट चाललं. मग डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पारा उणे सत्तावीसवर गेला. गंजलेल्या रिमच्या फटीत ओल होती ती गोठली आणि जिथून हवा जात होती ती जागा बर्फाने आपोआप बंद झाली. टायर गळायचा थांबला. पंप मारायचं कुणीच थांबलं नाही.

सोमवारी एकशेदहा. मंगळवारी एकशेदहा. पंप आता जड जायला लागला होता. वेइयोला वाटलं, थंडीने पंपातलं तेल घट्ट झालं. इर्याला वाटलं, आपले गुडघे गेले.

मंगळवारी ती चर्चच्या गायनाला गेली तर गाडी उजवीकडे ओढायला लागली. तिने डावीकडे फिरवलं की गाडी जरा विचार करून वळायची. इर्या परत आली आणि कुणाला काही बोलली नाही. बुधवारी ती नुसतं बघायला म्हणून गाडी काढून तळ्याच्या रस्त्याने गेली, तर कालच्यापेक्षा जास्त. घरी येऊन तिने काठोकाठ कॉफीचा कप भरला आणि स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत हातात धरून चालत गेली. सांडली नाही. परत आली. तरी तिचं समाधान झालं नाही. मग ओव्हनच्या ट्रेखाली ठेवलेले फ्लॅटचे कागद तिने काढले आणि पहिल्यांदाच पूर्ण वाचले. चौथ्या पानावर लिहिलं होतं, सौनाची मोकळी वेळ, गुरुवारी सात ते आठ.

हे तिने मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. म्हणाली, मेर्वी बरोबर आहे असं मला त्या दिवशी वाटलं. मग पिशवीतली अंडी मोजली आणि गेली.

गुरुवारी दुपारी अडीचला सूर्य मावळला होता, तरी आकाशात अजून निळा उजेड होता. मी दुकानाच्या खिडकीत नाताळचे दिवे लावत होते. इर्या आणि वेइयो खरेदी करून नुकतेच निघाले होते. चर्चपाशी रस्ता डावीकडे वळतो. गाडीचं तोंड डावीकडे फिरलं, गाडी मात्र सरळ गेली. वेगात नव्हे, अगदी सभ्यपणे, पाहुण्याने आत यावं तशी ती कडेच्या बर्फाच्या ढिगात शिरली आणि उजव्या, म्हणजे वेइयो बसला होता त्या बाजूने खिडकीपर्यंत रुतून बसली.

मी फावडं घेऊन धावले. माझ्यामागे दुकानातली दोन गिऱ्हाइकं. पण आम्ही पोचेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली आणि त्या चार-पाच मिनिटांत आत काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं, अर्धं एकाकडून, अर्धं दुसऱ्याकडून.

"लागलं का?" इर्याने विचारलं.

"नाही."

वेइयोच्या बाजूच्या खिडकीत नुसतं पांढरं होतं. दोघं समोर बघत बसले. म्हणजे इर्या समोर, वेइयो तिरका.

"मेर्वीला सांगावं लागेल," वेइयो म्हणाला.

"तुला कोण विचारतंय?"

"तिने ऑगस्टमध्येच विचारून ठेवलंय. मी शब्द दिलाय."

इर्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मग सांग," ती म्हणाली. "माझे हात गेले, वेइयो. मंगळवारपासून गाडी माझं ऐकत नाही."

वेइयोने तोंड उघडलं, पण तेवढ्यात आमची फावडी दारावर वाजायला लागली.

यार्को ट्रॅक्टर घेऊन आला. वेइयोचं दार उघडेना म्हणून त्याला इर्याच्या बाजूने, गिअरवरून सरकवून काढावं लागलं. गोठलेल्या माशाचं पुडकं छातीशी धरून तो बाहेर आला. अंड्यांची पिशवी बर्फात पडली होती, ती मी उचलली आणि आम्ही चौघं वर्कशॉपमध्ये गेलो.

गाडीला खरचटलंही नव्हतं. यार्कोने पुढची बाजू वर उचलली आणि सवयीने डाव्या टायरवर हातोडी मारली. चर्चच्या घंटेसारखा आवाज आला. त्याने इर्याकडे पाहिलं, मग हवेचा मीटर लावला, काढला, पुन्हा लावला. मग कपाटातून दुसरा मीटर आणला आणि तो लावला.

"चार पॉइंट तीन," तो म्हणाला.

इर्याने विचारलं, किती असायला हवं.

"दोन पॉइंट तीन. हा टायर नाही मावशी, हा दगड आहे. एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला रबर. गाडी उजवीकडेच जाणार. डावीकडे वळवणारा माणूस अजून जन्माला यायचाय."

"पुन्हा सांग."

"चार पॉइंट तीन."

"सगळं सांग. उजवीकडेच जाणार, तिथपासून."

यार्कोने सगळं पुन्हा सांगितलं. इर्याने आपले हात पुढे धरले, दोन्ही बाजूंनी पाहिले आणि खिशात घातले.

एवढी हवा भरली कुणी, असं यार्कोने विचारलं.

"मी," इर्या म्हणाली. "रोज साठ."

"मी," मागून वेइयो म्हणाला. "रोज पन्नास."

इर्या वळली.

"तू?"

"तू स्कीवर जायचीस तेव्हा."

"मला वाटलं तू गाडीच्या आठवणीने येतोस."

"गाडीची आठवण कशाला येईल? दर गुरुवारी तिच्यातच बसतो की."

इर्याने यावर विचार केला. तिला ते पटलेलं दिसलं. वेइयोने माशाचं पुडकं बाकावर ठेवलं, टोपी काढली आणि इर्या स्पष्ट दिसावी म्हणून यार्कोच्या पान्यांच्या फळीकडे तोंड केलं.

"टायर चांगले नव्हते," तो म्हणाला. "जुलैमध्येच मला माहीत होतं."

यार्कोने मीटर खाली ठेवला. वेइयो आयुष्यात एक खोटं वाक्य बोलला होता आणि ते आमच्या समोर बाकावर माशाशेजारी येऊन पडलं होतं.

"मग बोलला का नाहीस?" इर्याने विचारलं.

"बोललो असतो तर तू घेतली नसतीस. तिकडे कायानी गावचा कुणीतरी येऊन घेऊन गेला असता." तो थांबला. "मग गुरुवारी मी काय केलं असतं?"

"मला ऑक्टोबरमध्येच कळलं होतं," इर्या म्हणाली.

"मग नवे का नाही घातलेस?"

"तू चांगले आहेत म्हणाला होतास ना."

यार्को मागच्या खोलीत टायर मोजायला गेला. ते मोजायची काही गरज नव्हती.

फोन वेइयोनेच लावला, त्याचा मोठ्या बटणांचा. मेर्वीला त्याने सगळं रस्ताखात्याला कळवावं तसं कळवलं: वेळ दोन तीस, तापमान उणे चोवीस, जागा चर्चजवळचं वळण, गाडी उजवीकडे बर्फात, जखमी कोणी नाही. चालवत तुझी आई होती. कारण पुढचा डावा टायर, आणि त्याला कारण मी. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण वेइयोने फोन कानापासून बराच लांब धरला आणि मग यार्कोच्या हातात दिला. यार्कोने तो आवाज मोठा करून बाकावर ठेवला.

मेर्वीने आकडा विचारला. यार्कोने सांगितला.

"कुठल्या मीटरवर?"

"दोन्ही."

"त्या टायरवर तुम्ही स्वतः चर्चपर्यंत पोचला असता?"

यार्कोने इर्याकडे बघितलं. बीट लपवण्याच्या दिवसांपासून तो तिच्यासमोर खोटं बोललेला नाही. "मी दुकानाच्या आवारातूनही बाहेर पडलो नसतो," तो म्हणाला. "मावशींनी मंगळवारपासून तिच्यावर चाळीस किलोमीटर काढलेत."

पलीकडून मेर्वीच्या कागदांची सळसळ ऐकू आली. ती कुठेतरी लिहून घेत असणार.

"आई, तू मंगळवारीच का नाही सांगितलंस?"

"तू आली असतीस."

"आलेच असते."

"तेच तर."

मग मेर्वीने, भिंतीची तपासणी संपवून शेरा लिहावा तशा आवाजात सांगितलं की ठरलं होतं ते चालवणाऱ्याबद्दल, टायरबद्दल नाही. हा प्रसंग धरायचा नाही, हिवाळा आजपासून पहिल्यापासून मोजायचा. नवे टायर आजच बसवायचे, चारही. आणि यापुढे काही झालं तर त्याच दिवशी फोन, दोघांनी करायचा, वेगवेगळा, एकमेकांशी न बोलता.

"एकमेकांशी आम्ही कुठे बोलतो?" वेइयो म्हणाला.

"ते दिसतंय, वेइयोकाका," मेर्वी म्हणाली. "आई, त्या फ्लॅटवाल्यांना सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. काय सांगू?"

इर्या वर उचललेल्या तिच्या निळ्या गाडीकडे बघत होती.

"सांग, आई गाडी घेऊन बाहेर गेलीय."

यार्कोने रॅकवरून तीन प्रकारचे टायर काढून दाखवले. इर्याने प्रत्येकाचे खिळे मोजले आणि ज्याला सगळ्यात जास्त होते ते चार घेतले. तोपर्यंत मी दुकानातून पाव आणि चीज आणलं आणि आम्ही चौघं यार्कोची कडू कॉफी प्यायलो. तासाभराने गाडी खाली उतरली. वेइयो मासा मांडीवर घेऊन बसला, इर्याने गाडी सुरू केली. खिळे असे वाजले की पेट्रोल पंपावरचा माणूस वळून बघायला लागला.

गेट उजवीकडे होतं. इर्याने गाडी डावीकडे घेतली आणि यार्कोच्या आवारात एक पूर्ण फेरी मारली. मग डावीकडेच दुसरी, जरा लहान. मी आणि यार्को दारात उभे राहून बघत होतो. तिसऱ्या फेरीला गाडी आमच्यासमोरून गेली तेव्हा आत वेइयो काहीतरी म्हणताना दिसला. नंतर कळलं, तो म्हणाला होता की मासा वितळायला लागलाय. इर्या "बरं" म्हणाली आणि आणखी एक फेरी मारून मग गेटकडे वळली.